डोंबलाचं अचीव्ह

अचीव्ह हा शब्द कानावर पडला की माझं टाळकं सणकतं. आणि पडतो तर दिवसातून शंभरदा. चाकणच्या पट्ट्यात मी वायरिंगच्या कंपनीत काम करते. गाडीच्या बॉनेटखाली रंगीबेरंगी वायरींचा जुडगा असतो ना, तो आम्ही बायका बांधतो. आत शिरलं की समोर पांढरा बोर्ड, त्यावर तीन रकाने: प्लॅन, अचीव्ह, गॅप. सकाळी चहा घशाखाली उतरायच्या आत साहेब विचारणार, काय, काल अचीव्ह झालं का? काय झालं, कुणी केलं, कशासाठी केलं, ते काही नाही. नुसतं झालं का! जसं काही पोट साफ झालं का विचारतायत.

माझी बारावी झालीय आणि इंग्रजी माझं बरं होतं, म्हणून मला या शब्दाचा राग जरा जास्तच. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, माणसानं मनात काही धरलेलं असतं, त्यासाठी तो झटलेला असतो, आणि शेवटी ते त्याच्या हाताला लागतं, तेव्हा हे क्रियापद वापरायचं. नुसता घाम गाळला म्हणून वापरायचं नाही, आणि आयतं मिळालं तरी वापरायचं नाही. आपल्याकडं तर त्याला किती शब्द. सोयरीक जमते, वेळ साधते, मुक्काम गाठतात, नोकरी मिळवतात, हाती घेतलेलं काम तडीस नेतात. कष्ट वेगळे म्हणून शब्द वेगळे. कंपनीनं सगळ्यांचा मिळून एकच करून टाकला. आता आमच्याकडचा शिपाईसुद्धा पाण्याचे जार बदलून आला की म्हणतो, अचीव्ह झालं.

गेल्या दिवाळीनंतर तर कहरच झाला. एचआरच्या नव्या मॅडम आल्या, तळवड्याच्या आयटी पार्कातून. बोलायला गोड आणि ऐकायला बहिऱ्या. शनिवारी शिफ्ट सुटली की त्या आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवायच्या आणि आमचा विकास करायच्या. आमची घरी जायची घाई, कुणाचं दळण राहिलेलं, कुणाचं पोर शेजारणीकडं, आणि या म्हणतात, एकेकीनं उभं राहून सांगा, तुम्ही आयुष्यात काय अचीव्ह केलं? एकीनं सांगितलं, गावाकडच्या घरावर स्लॅब टाकला. दुसरी म्हणाली, नवऱ्याची दारू सोडवली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, छान छान, पण हे पर्सनल झालं, आपल्याला गोल पाहिजे. नवऱ्याची दारू सोडवायची म्हणजे बाईचं काय काय जातं ते यांना कुठून कळणार? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. ती दारूवाली बिचारी खाली बसली आणि पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, उठावं आणि मॅडमना विचारावं, तुम्ही काय केलंत हो आजवर, नोकऱ्या बदलणं सोडून?

मग माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई उभी राहिली. तिच्याबद्दलच सांगायचंय मला. ती मूळची कुरुळीची, मी तिथं खोली घेऊन राहणारी, मराठवाड्यातून आलेली. एकाच बसनं आमचं जाणं-येणं, म्हणून मैत्री. वय चाळिशीचं, हात विलक्षण चलाख आणि बोलणं कमी. ती म्हणाली, "मॅडम, अजून काय न्हाई केलं. मार्चात करनार हाय." सगळ्या हसल्या. मॅडमनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि पुढच्या बाईकडं वळल्या. मार्चात काय, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मार्चात तिचा दहावीचा इंग्रजीचा पेपर होता. लग्नाआधी ती दहावीला बसली, सगळ्या विषयांत निघाली आणि इंग्रजीत राहिली. त्याच उन्हाळ्यात घरच्यांनी लग्न लावून दिलं, विषय संपला. पण कागदावर संपत नाही ना. दहावी नापास म्हणजे कागदावर नववी पास. गणितात, शास्त्रात ती पास झाली होती त्याला कुत्रं विचारत नाही. ठेकेदाराच्या कार्डावर नववी पास, रेशनच्या कामाला गेली तरी नववी पास, पोरीच्या शाळेत आईचं शिक्षण विचारलं तरी नववी पास. तिला ते फार लागायचं. त्यात कंपनीनं नोटीस लावली की ठेकेदाराकडच्या ज्या बायका दहावी झाल्यात त्यांना कंपनी स्वतःच्या पटावर घेणार. म्हणजे कायमची नोकरी, आजारपणाची रजा, दिवाळीला बोनस. आमच्या लाइनवर तिच्याएवढी जुनी बाई नव्हती, आणि तिच्याआधी कालच्या पोरी पटावर जाणार होत्या. तेव्हा तिनं राहिलेल्या त्या एका विषयाला परत बसायचं ठरवलं.

बसमध्ये मी तिचा अभ्यास घ्यायचे. तिची पोरगी जुनी गाइडं शोधून द्यायची, ही ती पिशवीत घालून आणायची आणि खिडकीला डोकं टेकवून पुटपुटत बसायची. एकदा शब्दार्थांत नेमका हाच शब्द आला. मी सांगितलं, मिळवणे, गाठणे, तडीस नेणे. मग जी-ई-टी 'गेट'चा अर्थ काय, ती म्हणाली. म्हटलं, तोही मिळवणे. मंग हे लांबलचक कशाला पायजे, तिनं विचारलं. मी म्हटलं, बाई, बाजारातून मेथीची जुडी आणली तर पहिला शब्द, आणि तू आता जे करायला निघालीस ना, ते झालं तर दुसरा. ती लाजली आणि पुस्तकात डोकं घालून बसली. बस आळंदी फाट्याला अडकलेली असायची, बाकीच्या पेंगत असायच्या, आणि हिचं चालूच.

आता आमच्या लाइनची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं एक भिशी चालायची. पैशांची नव्हे, तयार मालाची. आपला प्लॅन झाला आणि हातात वेळ राहिला तर प्रत्येकीनं एखादा जुडगा जास्तीचा बांधायचा, तपासून घ्यायचा आणि शेवटच्या टेबलाखालच्या क्रेटमध्ये ठेवायचा, वरून रिकाम्या पिशव्या टाकायच्या. मग कुणाचं पोर तापानं फणफणलं, कुणाकडं मुलीला बघायला पाहुणे यायचे असले, कुणाचं अंगच त्या दिवशी चालत नसलं, की क्रेटमधला माल तिच्या नावावर चढवायचा. तिचा आकडा भरला की लाइन लीडर गेटपास करून द्यायचा आणि ती दुपारीच घरी. लाइन लीडरला सगळं ठाऊक होतं. त्याला आकड्याशी मतलब, आणि माणूसही वाईट नव्हता. पाळायचं एकच, की माल हळूहळू बाहेर काढायचा, तासातासाला थोडा, म्हणजे बोर्डाकडं बघणाऱ्याच्या डोळ्यावर यायला नको.

मार्चात इंग्रजीचा पेपर नेमका त्या आठवड्यात आला ज्या आठवड्यात आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे पाहुणे यायचे होते. झालं, रजा बंद. जी येणार नाही तिचं कार्ड ठेकेदार बंद करणार, म्हणजे कामच गेलं, असं त्याची माणसं बसमध्ये सुद्धा सांगून गेली. मैत्रिणीनं लाइन लीडरला पेपरचं सांगितलं. तो म्हणाला, रजा माझ्या हातात नाही, पण आकडा भरून द्या, दहाच्या आत गेटपास देतो. मग काय, भिशी होतीच. महिनाभर आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी क्रेट भरली. जेवणाची सुट्टी अर्धी सोडून मी जुडगे बांधलेत. ज्या बाईचं तिच्याशी पाण्याच्या बाटलीवरून भांडण झालं होतं, ती सुद्धा न बोलता रोज ठेवून जायची.

पेपर अकराला, वर्गात साडेदहाला बसायचं. केंद्र चाकणातच होतं. तिचा नवरा नऊपासून गेटबाहेर मोटरसायकल घेऊन उभा, हॉल तिकीट त्याच्या शर्टाच्या खिशात. ही टेबलावर, पण लाल वायर निळीच्या जागी घालत होती. तिला तसं बघून आम्हालाच राहवेना. हळूहळू काढायचं वगैरे सगळं विसरलो. नऊ वाजून गेले तशी एकीनं क्रेट ओढली, दुसरीनं माल मांडला आणि आम्ही तिचा अख्ख्या दिवसाचा आकडा एका दमात चढवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

कारण नेमके तेव्हाच प्रॉडक्शनचे साहेब बोर्डापुढं येऊन उभे राहिले. एका बाईचा दिवसाचा प्लॅन साडेनऊला पुरा! ते बघतच राहिले. अहो, यांची उभी हयात या धंद्यात गेली. एवढा माल एवढ्या वेळात दोन हातांनी बांधून होत नाही, हे वायरीला कधी हात न लावलेल्या माणसालाही कळावं. पण आकडा बघितला की यांची अक्कल गहाण पडते. त्यांनी बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, मॅडमना फोन केला आणि लाइन लीडर गेटपास घेऊन सहीला गेला तेव्हा म्हणाले, हिला कुठं पाठवताय? पाहुण्यांना हीच तर दाखवायची आहे.

मैत्रीण स्वतः त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी मागंच होते. तिनं सांगितलं की साहेब, माझा दहावीचा पेपर हाय, मला आत्ता निघायला पायजे. साहेब फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, "अहो, पेपर काय, परत देता येतो. पाहुणे परत येणार आहेत का?"

तुम्ही म्हणाल, मग सरळ निघून का नाही गेली? गेटपासशिवाय वॉचमन गेट उघडत नाही, हे एक. बिनपासाचं गेलं की त्याच दिवशी कार्ड बंद, हे दुसरं. आणि तिसरं तिनं मला नंतर सांगितलं. ती पळाली असती तर साहेब विचारायला लागले असते की मग एवढा माल आला कुठून, आणि अख्खी लाइन उघडी पडली असती. म्हणून ती थांबली. आम्ही तिच्यासाठी क्रेट भरली होती, आणि त्या क्रेटेपायीच ती अडकली. आम्हा कुणालाच तोंड वर करून तिच्याकडं बघवेना.

सव्वादहाला आम्हाला गेटजवळच्या शेडमध्ये बोलावलं. एचआरवाल्यांनी तेवढ्यात फुगे लावले होते. कशाला उशीर लागत नाही यांना! पाहुणे आले, आमचे मोठे साहेब आले. हे मोठे साहेब दूरचे कुठले तरी, मराठीचा गंध नाही, हिंदी-इंग्रजीत काम चालतं. मॅडमनी माइक घेतला आणि अर्धा तास त्या शब्दाचं दळण दळलं. टीम अचीव्ह करते, माणूस अचीव्ह करतो, आधी मनानं अचीव्ह करायचं मग हातानं. डोंबलाचं अचीव्ह! माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर आणि मैत्रिणीची बाहेरच्या गेटवर. तिथून तिच्या नवऱ्याचं हेल्मेट दिसत होतं.

मग तिला स्टेजवर घेतलं. गळ्यात निळी रिबीन घातली, हातात चौकट दिली, त्यावर मोठ्या अक्षरांत अचीव्हर. मोठ्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं की तुम्ही हे कसं साधलं आणि आता पुढं काय मिळवायचंय. मॅडमनी मराठीत सांगून माइक तिच्यापुढं धरला. वर्षभर जो विषय घोकला त्याची वेळ पुढ्यात निघून चालली होती, आणि त्याच भाषेत तिला कौतुकानं विचारत होते की काय हवंय. कसं साधलं हे तर ती सांगूच शकत नव्हती. ती फक्त म्हणाली, "मला अकराला इंग्रजीचा पेपर हाय. अजून सोडलं तर गाठता यील."

मॅडम वळून हसत हसत साहेबांना इंग्रजीत म्हणाल्या, सर, हिला पुढं शिकायची खूप इच्छा आहे. मला ते इंग्रजी कळलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मागून ओरडले, मॅडम, तसं नाही म्हणाली ती! पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. मोठे साहेब स्वतः उभे राहून टाळ्या वाजवत होते, पाहुणे वाजवत होते, आणि साहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की कंपनी शिक्षणाच्या पाठीशी आहे. मग फोटो. मग पाहुण्यांबरोबर फोटो. मग टेबलापाशी नेऊन जुडगा बांधताना फोटो. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. गेटबाहेरचं हेल्मेट कधी गेलं ते आम्हाला कळलं नाही.

पुढचं मला अजून विसरता येत नाही. पाहुणे गेले, आम्ही आपापल्या टेबलावर आलो. तिचा प्लॅन पुरा झालेला, त्यामुळं तिला माल देईनात. लाइन लीडर येऊन खाली मान घालून म्हणाला, ताई, आता गेटपास देऊ का? ती म्हणाली, आता कशाला. मग साडेतीनपर्यंत ती रिकाम्या हातांनी बसून राहिली. आम्ही सगळ्या बांधतोय आणि ती बसलीय, गळ्यात ती रिबीन. काढ ती, असं मी दोनदा म्हटलं. तिनं रिबिनीला हातही लावला नाही. दोनच्या सुमाराला तेवढं म्हणाली, पेपर सुटला आसंल. मला रडू आलं, वायरी दिसेनात.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर सगळ्यांचाच प्लॅन वाढवून आला. एकीला जमतं तर बाकीच्यांना का नाही, असा हिशेब. आता बोला! दोघीतिघी तिच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. मी त्यांना असं फैलावर घेतलं की परत तिचं नाव काढायच्या नाहीत तोंडातून. पण भिशी त्या दिवसापासून बंद झाली. स्वतःचाच आकडा भरताना जीव जायला लागला, जास्तीचा माल बांधणार कोण आणि कधी? पोरं आजारी पडायची थांबली नाहीत. बायका आता त्यांना तापातच घरी ठेवून येतात.

तिचा फोटो मोठा करून कॅन्टीनच्या भिंतीवर लावला. त्यातली ती घाबरल्यासारखी दिसते. जेवताना तो बरोबर समोर येतो.

मग जुलैची फेरपरीक्षा आली. या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही, रजा मागितली नाही, लाइन लीडरला सांगितलं नाही. आदल्या दिवशी बसमधून उतरताना मला म्हणाली की उद्या मी येत न्हाई. एवढंच. ती पेपरला गेली, आणि संध्याकाळी ठेकेदारानं तिचं कार्ड बंद केलं. एक दिवस न सांगता गैरहजर. मी साहेबांकडं गेले, म्हटलं, अहो, हिचा फोटो लावलाय तुम्ही भिंतीवर! साहेब म्हणाले, तो विषय वेगळा, डिसिप्लिन वेगळं. मॅडमनी तर तोंडच फिरवलं. फोटोवाली बाई घरी आणि फोटो कामावर. पाहुणे येतात त्यांना अजून दाखवतात, ही आमची अचीव्हर. लाज कोळून प्यायलीत.

कुरुळीतल्या एका मेसवर ती पोळ्या लाटायला जायला लागली. कंपनीतल्या पोरांसाठीच असते ती मेस. मी संध्याकाळी जायचे तिच्याकडं. कधी वाईट वाटतं का, असं विचारायची हिंमत मला झाली नाही. निकालाचं मात्र तीही बोलायची नाही आणि मीही.

निकाल एकला लागतो आणि आमचं जेवण एकला सुटतं. तेवढा वेळ फोन हातात मिळतो. डबे उघडतोय तोच तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मग ती म्हणाली, "झाले गं पास. काठावर, पन झाले. आता मला कुनी नववी पास म्हनायचं न्हाई."

कुणाच्याच हातातला घास तोंडात जाईना. ती पाण्याच्या बाटलीवरून भांडलेली बाई तर डब्यावर डोकं ठेवून ढसढसा रडायला लागली, दारूवालीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला, आणि मग एकेकीला तिच्याशी बोलायचं होतं. भोंगा वाजला. कुणी उठलं नाही. लाइन लीडर दारात येऊन उभा राहिला, त्यानं ऐकलं आणि तो परत गेला.

शिफ्ट सुटताना बोर्डावर आमच्या लाइनचा आकडा कमी भरला. साहेब तावातावानं आले आणि विचारायला लागले की आज अचीव्ह का नाही झालं. सगळ्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, "झालं ना साहेब. तुमच्या बोर्डावर नाही झालं."